मुंबईचा जुना किनारा



मुंबईचा इतिहास सांगावयास बसलें म्हणजे आरंभ बहुधा सात बेटांपासून होतो. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगांव, परळ, वरळी आणि माहीम हीं सात नांवें शाळेंतल्या मुलांना पाठ असतात. १६६१ च्या विवाहाच्या तहानें हीं बेटें पोर्तुगालकडून इंग्लंडच्या राजाकडे गेलीं, १६६८ सालीं तीं कंपनीच्या हातीं आलीं, पुढें बांध घालून आणि खाड्या बुजवून त्यांचें एकच बेट झालें, अशी ही कथा आहे. या कथेंत हालचाल सारी माणसाची. समुद्र मात्र जागच्या जागीं उभा असलेला. आज मला सांगावयाचें आहे तें इतकेंच कीं, समुद्रही जागचा हललेला आहे आणि तो एकदां नव्हे, अनेकदां. सात बेटें ही फार लांबच्या प्रवासांतील एका मुक्कामाची स्थिति आहे. त्या मुक्कामाच्या पूर्वीं काय होतें, हें मुंबईच्या जमिनीनेंच जपून ठेविलें आहे.

या पाहणीस प्रभादेवीचा परिसर मोठा सोयीचा आहे. पश्चिमेस दादर-प्रभादेवीची वाळू, दक्षिणेस वरळीची काळ्या दगडाची टेकडी आणि पूर्वेस परळकडे जातांना लागणारा सखल भाग, अशा तीन तऱ्हेच्या जमिनी येथें थोड्याशा चालीवर भेटतात. ज्या रेल्वे स्थानकाला २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड म्हणत, त्याला आतां या देवीचेंच नांव मिळालें आहे. देवीचें देऊळ १७१५ सालचें, पाठारे प्रभु समाजानें उभारलेलें. जुन्या लिखाणांत या भागाला ‘लोअर माहीम’ म्हणजे खालचें माहीम म्हटलेलें आढळतें, कारण हा माहीम बेटाचा दक्षिणेकडील शेवट. जवळच आगर बाजार आहे. आगर म्हणजे नारळीची बाग किंवा मिठागर. दोन्ही अर्थ खाऱ्या वाऱ्याचेच. माहीमच्या नारळीच्या वाड्या एके काळीं प्रसिद्ध होत्या. त्या वाड्या ज्या वाळूंत वाढल्या ती वाळू समुद्रानेंच आणून टाकलेली आहे. घरें आणि रस्ते तिच्यावर मागाहून झाले.

वाळूच्या या पट्ट्याच्या आंतल्या अंगास जमीन खोलगट होत जाते. वरळी आणि महालक्ष्मी यांच्या मधल्या मोठ्या खिंडारांतून पूर्वीं भरतीचें पाणी आंत शिरे आणि मुंबईच्या मध्यभागीं दलदल करून सोडी. पायधुणी, उमरखाडी, चिंचपोकळी हीं नांवें त्या काळच्या भूगोलाची साक्ष अजून देतात. पायधुणीला ज्या पाण्यांत वाटसरू पाय धूत तें पाणी आतां नाहीं. नांव मात्र राहिलें. हॉर्नबी गव्हर्नराच्या कारकीर्दीच्या अखेरीस, १७८४ च्या सुमारास, वरळीचा बांध पुरा झाला आणि हें खिंडार बंद झालें. त्यानंतर शंभर-सव्वाशें वर्षांत ठिकठिकाणीं भराव पडत गेला. येथपर्यंतचा इतिहास कागदपत्रांत आहे. त्याच्या पलीकडे जावयाचें असेल तर दगड, माती, शिंपले आणि लांकूड यांना बोलतें करावें लागतें.

किनाऱ्याची रेषा सरकते ती चार कारणांनीं. माणूस भराव घालून समुद्राला मागें सारतो, हें एक. नद्या गाळ आणून खाड्या बुजवितात, हें दुसरें. जमीन स्वतः वर उचलली जाते किंवा खचते, हें तिसरें. आणि समुद्राच्या पाण्याचीच एकंदर पातळी चढते वा उतरते, हें चौथें. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला हीं चारी कारणें सारखींच दिसतात; पाणी जवळ आलें किंवा दूर गेलें एवढेंच त्याला कळतें. म्हणून जुन्या किनाऱ्याचा शोध हें मुख्यतः निवडण्याचें काम आहे. सुपांतले तांदूळ निवडावे तशी एकेक कारणाची वेगळी वाट लावावी लागते; आणि तें न करतां काढलेला निष्कर्ष कितीही मोहक असला तरी टिकत नाहीं.

गाळाचें उदाहरण सोपाऱ्याचें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ नांवाच्या ग्रीक भाषेंतील पुस्तकांत आपल्या किनाऱ्यावरील सोपारें, कल्याण आणि चौल या बंदरांचा उल्लेख आहे. सोपाऱ्याचें महत्त्व त्याहूनही जुनें. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तेथील स्तूप उकरला; अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांच्याच हातीं लागला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ सालीं जवळच्या भुईगांवीं मिळाला. आज नालासोपाऱ्यास उतरणाऱ्या माणसाला येथें मोठीं गलबतें लागत असत असें सांगितलें तर त्याचा विश्वास बसणार नाहीं. परंतु तेवढ्यावरून समुद्राची पातळी उतरली असें म्हणतां येत नाहीं. खाडी गाळानें भरली आणि बंदर आंत राहिलें, एवढेंच त्याचें मुख्य कारण.

जमिनीच्या हालचालीचें उदाहरण कच्छचें. १६ जून १८१९ रोजीं तेथें मोठा भूकंप झाला. रणांतील सिंद्रीचा किल्ला आणि भोंवतालची जमीन खचून पाण्याखालीं गेली, आणि तिच्या उत्तरेस कित्येक मैल लांबीचा उंचवटा नव्यानें उभा राहिला. माणसाच्या हातचा नव्हे म्हणून लोकांनीं त्याला ‘अल्लाबंद’ असें नांव दिलें. इटलींत पोझुओली येथें रोमन काळचे तीन संगमरवरी खांब आहेत. त्यांच्यावर, माणसाच्या उंचीहून बऱ्याच वर, समुद्रांतील शिंपल्यांनीं पाडलेलीं भोकें दिसतात. म्हणजे ते खांब उभ्याउभ्याच पाण्यांत गेले आणि उभ्याउभ्याच बाहेर आले. चार्लस लायल या भूस्तरशास्त्रज्ञानें आपल्या ग्रंथाच्या पहिल्या भागांत, १८३० सालीं, आरंभींच या खांबांचें चित्र छापलें. जमीन स्थिर असते हा समज त्या चित्रानें पुष्कळांच्या मनांतून कायमचा काढून टाकला.

हीं दोन उदाहरणें ध्यानांत ठेवून आतां मुंबईच्या पुराव्याकडे वळूं. शहराच्या पूर्व किनाऱ्यावर प्रिन्सेस डॉक ही गोदी १८७५ सालीं सुरू होऊन १८८० च्या आरंभीं खुली झाली. तिचें खोदकाम चालू असतां निळसर चिकणमातीच्या जाड थराखालीं मजुरांना झाडें लागलीं. वाहून आलेले ओंडके नव्हेत. मुळांसकट जमिनींत रुजलेलीं झाडें. गोदीचे अभियंते ऑर्मिस्टन यांनीं त्यांची मोजदाद केली आणि ती हकीकत १८७८ सालीं भारतीय भूस्तर-पाहणी खात्याच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. एकंदर ३८२ झाडें मिळालीं. त्यांपैकीं २२३ उभीं होतीं आणि १५९ आडवीं पडलेलीं. हें जंगल ज्या जमिनीवर वाढलें ती जमीन ओहोटीच्या पाण्याच्याही खालीं सुमारे १२ फूट, आणि भरतीच्या पाण्याच्या खालीं सुमारे ३० फूट होती. पुढें जवळच अॅलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खणली गेली, तेव्हां तिच्याही तळाशीं तसेंच बुडालेलें जंगल निघालें.

हीं झाडें खैराचीं होतीं, हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. तिवराची झाडें मिळालीं असतीं तर त्यांत नवल नव्हतें, कारण तिवर खाऱ्या चिखलांत आणि भरतीच्या पाण्यांतच वाढतो. खैर हा कोरड्या रानांतला वृक्ष. ज्याच्या कातानें आपला विडा रंगतो तोच. मिठाचें पाणी रोज पायाशीं येईल अशा जागीं तो उभा राहावयाचा नाहीं. तेव्हां आज जेथें जहाजें नांगर टाकतात, तेथें एके काळीं कोरडें रान होतें, आणि समुद्र तेथून दूर होता, हें या झाडांनीं निर्विवाद सिद्ध केलें.

याच्या अगदीं उलट पुरावा किनाऱ्यावर इतरत्र मिळत होता. मुंबई व उत्तर कोंकणच्या किनाऱ्यावर ठिकठिकाणीं वाळू आणि शंखशिंपले चुन्यानें एकजीव होऊन बनलेला दगड आढळतो. कोंकणांत त्याला करल म्हणतात. हा दगड समुद्रकांठच्या वाळूंत, भरती-ओहोटीच्या पट्ट्यांतच तयार होतो. पण कांहीं ठिकाणीं तो आजच्या भरतीच्या रेषेहून कित्येक फूट वर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईंत दोन गृहस्थ अशा गोष्टींकडे लक्ष देऊन होते. एक ‘बॉम्बे टाइम्स’ पत्राचे संपादक डॉ. जॉर्ज ब्यूइस्ट, आणि दुसरे सैन्याकडील शल्यवैद्य डॉ. हेन्री कार्टर. कार्टर यांचा मुंबई बेटाच्या भूस्तररचनेवरील निबंध १८५२ सालीं प्रसिद्ध झाला. समुद्राच्या पातळींत फरक पडलेला आहे ही गोष्ट अशा निरीक्षणांनीं विद्वानांपुढें आली.

पुरावे असे परस्परविरोधी दिसूं लागले. पूर्वेचें जंगल म्हणे, जमीन बुडाली. शिंपल्यांचा दगड म्हणे, जमीन वर आली. लहानशा मुलुखांत हें दोन्ही कसें घडावें? त्या काळीं याचें जें उत्तर सुचलें तें असें कीं, मुंबईची जमीन तराजूसारखी झुकली असावी; एक बाजू खचली तशी दुसरी उचलली गेली. कच्छचा भूकंप आणि पोझुओलीचे खांब डोळ्यांपुढें असलेल्या पिढीला हें उत्तर पटण्यासारखेंच होतें. त्यांत एकच उणीव होती. जंगल केव्हां बुडालें आणि शिंपल्यांचा दगड केव्हां बनला, हें कोणालाच मोजतां येत नव्हतें. जागा ठाऊक होती. काळ ठाऊक नव्हता.

वरळीच्या टेकडीनें येथें एक इषारा आधींच देऊन ठेविला होता. तेथील काळ्या लाव्हारसाच्या थरांमध्यें दबलेल्या गाळांत लहान बेडकांचे सांगाडे दगड होऊन राहिलेले सांपडले, आणि रिचर्ड ओवेन यांनीं १८४७ सालीं त्यांचें वर्णन केलें. बेडूक हा गोड्या पाण्यांतील जीव. म्हणजे सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीं, ज्वालामुखीच्या दोन उद्रेकांमधल्या शांततेंत, वरळीला गोड्या पाण्याचें तळें होतें! हा पुरावा आपल्या किनाऱ्याविषयीं कांहींच सांगत नाहीं, कारण तो फार फार जुना आहे. एकाच चौरस मैलांत मिळालेल्या दोन वस्तु एकाच काळच्या असतात असें नाहीं, हाच त्यापासून घ्यावयाचा धडा. जंगल आणि करल यांनाही हाच धडा लागू पडावयाचा होता.

यापुढील धागा मुंबईच्या बाहेरून आला. १८४२ सालीं स्कॉटलंडांतील चार्लस मॅक्लारेन यांनीं, आणि हेही वृत्तपत्राचेच संपादक, असा विचार मांडला कीं, हिमयुगांत जमिनीवर बर्फाचे प्रचंड थर सांचले असतील तर तें पाणी समुद्रांतूनच आलें असलें पाहिजे; म्हणजे त्या काळीं जगांतील सर्व समुद्र कित्येक शें फूट खालीं गेले असले पाहिजेत. घरांतील हौदांतून पाणी काढून माळ्यावरच्या पिंपांत भरलें तर हौदाची पातळी उतरते, तसाच हा हिशेब आहे. आज तो मान्य झालेला आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वीं हिमयुगाचा कडाका सर्वांत अधिक होता, आणि त्या वेळीं समुद्र आजच्याहून सुमारे १२० मीटर खालीं होता. पुढें बर्फ वितळत गेलें आणि पाणी समुद्रांत परत आलें.

काळ मोजण्याचें साधन १९४९ सालीं विलर्ड लिबी यांनीं दिलें. जिवंत प्राण्याच्या किंवा वनस्पतीच्या अंगीं किरणोत्सर्गी कर्बाचा अल्पसा अंश असतो. मृत्यूनंतर तो ठराविक वेगानें घटतो आणि ५,७३० वर्षांनीं निम्मा राहतो. उरलेला अंश मोजला कीं मृत्यूचा काळ कळतो. या शोधासाठीं लिबी यांना १९६० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच दशकांत आपल्या कुलाब्यास, टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत, ही मोजणी होऊं लागली. शिंपल्यांतही कर्ब असतो. तेव्हां कोंकणच्या करलाचें वय काढतां आलें. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या परंपरेंतून कोंकणचा जुना किनारा आणि तेथील अश्मयुगीन वस्ती यांचा अभ्यास झाला, डॉ. स्टॅटिरा गझदर यांचा या विषयावरील ग्रंथ १९८० सालीं निघाला. मोजणीचा निष्कर्ष असा कीं, किनाऱ्यावरील करल बहुतेक गेल्या सहा-सात हजार वर्षांच्या आंतलें आहे. भूस्तरशास्त्राच्या मानानें तें कालचेंच म्हणावयाचें.

दुसरा पुरावा समुद्राच्या तळाशीं होता. मुंबईसमोर समुद्राचा तळ एकदम खोल जात नाहीं. सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत तो उथळच राहतो. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ सालीं स्थापन झाली आणि तिच्या शास्त्रज्ञांनीं या उथळ तळाची तपासणी केली. तेथें पन्नास ते शंभर मीटर खोलीवर चुन्याचीं वेष्टनें चढलेले वाळूचे दाणे मिळाले. असे दाणे कोमट, उथळ आणि सतत घुसळणाऱ्या पाण्यांतच, म्हणजे किनाऱ्यालगतच तयार होतात. तळावर पायऱ्यांसारखे सपाट टप्पेही दिसले. समुद्र जेथें जेथें बराच काळ थांबला तेथें तेथें त्यानें ते कोरून ठेविलेले. १९९५ सालीं हाशिमी, निगम, नायर आणि राजगोपालन यांनीं अशा पुराव्यांची एकत्र मांडणी केली. सुमारे १४,५०० वर्षांपूर्वीं आपल्या किनाऱ्यावर समुद्र १०० मीटर खालीं होता. १२,५०० वर्षांपूर्वीं ८० मीटर खालीं. मग तो बराच काळ रेंगाळला. आणि १०,००० ते ७,००० वर्षांपूर्वींच्या दरम्यान हजार वर्षांस सुमारे २० मीटर या वेगानें चढून आजच्या पातळीच्या जवळ आला. त्यानंतर थोडाफार वरखालीं होत तो त्याच सुमारास राहिला आहे.

या आंकड्यांचा अर्थ त्रैराशिकानें पाहूं. १९७४ सालीं जेथें खनिज तेल लागलें तें मुंबई हाय क्षेत्र शहरापासून सुमारे १६० किलोमीटर दूर आहे आणि तेथें पाणी सुमारे ७५ मीटर खोल आहे. म्हणजे तळाचा उतार सरासरीनें दोन किलोमीटरांहून थोड्या अधिक अंतरास एक मीटर इतकाच. हजार वर्षांत २० मीटर म्हणजे वर्षास २ सेंटिमीटर. इतक्या मंद उतारावर पाणी २ सेंटिमीटर चढलें कीं किनारा सुमारे चाळीस मीटर आंत येतो. पंचवीस वर्षांत एक किलोमीटर झाला! त्या काळीं या मैदानावर जीं माणसें राहत असतील, त्यांच्या नातवंडांना आजोबांचें पाणवठ्याचें ठिकाण समुद्रांत शोधावें लागलें असेल. आणि मुंबई हाय येथें आज तेलविहिरींचे मनोरे उभे आहेत, तेथें हिमयुगांत माणूस पायीं चालत जाऊं शकला असता.

आतां मुंबईचें जुनें चित्र डोळ्यांपुढें आणतां येतें. दहाबारा हजार वर्षांपूर्वीं सात बेटें नव्हतीं. मलबार हिल, वरळी, माझगांव, शीव या एका विस्तीर्ण मैदानांतून वर आलेल्या टेकड्या होत्या. घारापुरी हाही एक डोंगरच. ठाण्याची खाडी म्हणजे गोड्या पाणलोटाची दरी असली पाहिजे, आणि तिच्या उतारावर खैराचें रान. कांदिवलीच्या परिसरांत टॉड यांना मिळालेलीं दगडी हत्यारें, ज्यांचें वर्णन १९३९ सालीं प्रसिद्ध झालें, पाहतां या मुलुखांत माणसाचा वावर फार जुना आहे. मग पाणी चढत आलें. समुद्राच्या त्या चढत्या रेषेशीं ताडून पाहिलें तर गोदीच्या तळाशीं असलेलें रान आठ हजार वर्षांच्या आगेमागे बुडालें असावें. टेकड्यांमधल्या खोलगट जागा भरल्या, टेकड्या सुट्या झाल्या, आणि त्यांचीं बेटें बनलीं.

पाणी तेथेंच थांबलें नाहीं. पांचसहा हजार वर्षांपूर्वीं तें आजच्या पातळीहूनही थोडें, मीटर-दोन मीटर, वर गेलें असावें असा पुष्कळ अभ्यासकांचा कयास आहे. त्या वेळच्या किनाऱ्यावर शिंपले सांचून त्यांचा दगड झाला. पाणी किंचित् उतरलें, आणि तो दगड उंचावर कोरडा राहिला. म्हणजे बुडालेलें जंगल आणि वर आलेला शिंपल्यांचा दगड यांचें भांडण मुळांत नव्हतेंच. एक साक्षीदार आधींचा, दुसरा नंतरचा. समुद्र आधीं खालीं होता, मग वर गेला, मग थोडा उतरला. एकोणिसाव्या शतकानें जें कोडें जमिनीच्या झुकण्यानें सोडविलें, तें काळाच्या मोजमापानें पुष्कळसें आपोआपच सुटलें. पनवेलच्या बाजूस लाव्हारसाचे थर पश्चिमेकडे कललेले दिसतात, तेव्हां आपली जमीनही पूर्वीं हललेली आहे यांत शंका नाहीं; परंतु गेल्या दहा हजार वर्षांच्या या कथेंत मुख्य पात्र समुद्रच आहे.

येथें परशुरामाची कथा सहज आठवते. परशुरामानें बाण सोडून समुद्राला मागें हटविलें आणि कोंकणची भूमि मिळविली, ही कथा आपण सर्वांनीं ऐकलेली आहे. मागें हटलेल्या समुद्राची आठवण या कथेंत राहिली असावी असें कांहीं लेखकांनीं सुचविलें आहे. कथेविषयीं पूर्ण आदर बाळगूनही मला असें वाटतें कीं, तिला भूस्तरशास्त्राच्या कोर्टांत साक्षीस उभें करूं नये. कोंकणच्या लोकांचा समुद्राशीं असलेला जिव्हाळ्याचा आणि झगड्याचा संबंध ती कथा सांगते, आणि तें तिचें कार्य ती उत्तम करते. राजवाड्यांनीं १९२४ सालीं छापलेली ‘महिकावतीची बखर’ आपल्याला माहीमच्या बिंबराजाची हकीकत सांगते. पाण्याच्या उंचीचा हिशेब तिच्यांतही शोधावयाचा नसतो. ज्याची साक्ष ज्या विषयाची, त्याला तेंच विचारावें.

१८७८ हें साल आणखी एका कारणानें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्याच सालापासून अपोलो बंदरावरील भरतीमापक यंत्राच्या नोंदी उपलब्ध आहेत. एकाच वर्षीं या शहरानें समुद्राचा भूतकाळ वाचला आणि त्याचा वर्तमानकाळ लिहावयास आरंभ केला. आशिया खंडांतील सर्वांत जुन्या नोंदींपैकीं ही एक आहे. तिच्यावरून मुंबईंत समुद्र गेल्या शतकाहून अधिक काळ वर्षास सुमारे पाऊण मिलिमीटर या वेगानें चढत आल्याचें दिसतें. म्हणजे शंभर वर्षांत तीन इंच. हें थोडें वाटेल. परंतु जगांतील सर्व समुद्रांचा सरासरी हिशेब घेतला तर २००६ ते २०१८ या काळांत हा वेग वर्षास ३.७ मिलिमीटर झाला आहे, आणि त्याचें मुख्य कारण माणसानें वाढविलेली पृथ्वीची उष्णता हें आहे. किनाऱ्याच्या सरकण्याचीं चार कारणें मीं आरंभीं सांगितलीं. आज पहिलें आणि चौथें कारण एकाच हाताशीं येऊन मिळालें आहे. माणूस एकीकडे भराव घालून समुद्राला मागें सारतो आहे, आणि दुसरीकडे त्याची पातळी चढवितोही आहे.

याचा संबंध आपल्या दारापर्यंत येतो. परळचें हिंदमाता, दादरचे सखल रस्ते, प्रभादेवीच्या आंतल्या बाजूच्या वस्त्या येथें पावसाळ्यांत पाणी कां तुंबतें, हें जुन्या नकाशाशेजारीं नवा नकाशा ठेवला असतां पुष्कळसें ध्यानांत येतें. पाण्याला जुनी जागा ठाऊक आहे. पावसाचें पाणी वाहून नेणाऱ्या मोऱ्यांचीं तोंडें समुद्रांत उघडतात. भरती वर असेल तर तें पाणी बाहेर पडूं शकत नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच काळांत कुलाब्यास अवघा ७४ मिलिमीटर. त्या दिवशीं मुख्य दोष पावसाचा होता. पण भरतीची रेषा जसजशी वर चढेल तसतशी लहान पावसालाही वाट मिळणें कठीण होईल. तीन इंच हे किनाऱ्यावरच्या खडकाला कांहींच नव्हेत. सपाट भरावावरील मोरीला ते फार आहेत.

म्हणून माझें शेवटचें सांगणें नोंदीविषयीं आहे. आपल्या भागांत इतकें खोदकाम पूर्वीं कधींच झालें नव्हतें. गिरण्यांच्या जागीं उंच इमारतींचे खोल पाये गेले. भुयारी मेट्रोचें सिद्धिविनायक स्थानक २०२५ सालीं खुलें झालें. किनारी रस्त्यासाठीं समुद्रांत नवा भराव पडला आणि त्या रस्त्याचा पहिला टप्पा २०२४ सालीं सुरू झाला. अशा प्रत्येक कामांत जमिनींत भोकें पाडून आंतली माती तपासतातच. त्या मातींत जुने शिंपले, जुन्या खाडीचा चिखल, कदाचित् एखादें खैराचें खोडही असूं शकेल. अभियंत्याला ती माती पायाच्या मजबुतीपुरती हवी असते. तिच्यांतला इतिहास वाचणारा दुसराच कोणी असतो. त्या तपासणीचे कागद एकत्र करून महाविद्यालयांना आणि संशोधकांना खुले व्हावेत, म्हणजे प्रभादेवी, परळ आणि माहीम यांच्या खालचा जुना किनारा वितीवितीनें रेखतां येईल. कोठें पाणी थांबतें, कोठें जमीन दबते, कोणता भराव किती उंच असावा, हेंही त्यांतूनच कळेल. शाळांनाही यांत काम आहे. आपली शाळा जुन्या नकाशांत जमिनीवर पडते कीं पाण्यावर, एवढा एक प्रश्न मुलांना दिला तरी सात बेटांचा धडा पाठ करण्यापलीकडे जाईल.

प्रिन्सेस डॉकच्या खोदकामाला घाई होती, खर्च होता, मुदत होती. तरीही तेथील एका अभियंत्यानें काम करतां करतां झाडें मोजलीं. उभीं किती आणि आडवीं किती हें वेगवेगळें लिहून ठेविलें. त्याला त्या झाडांचें वय ठाऊक नव्हतें आणि हिमयुगाशीं त्यांचा संबंध जोडण्याचें साधनही त्याच्यापाशीं नव्हतें. त्यानें फक्त नीट पाहिलें आणि नीट लिहिलें. ती टिपणें नसतीं तर आज आपण गोदीच्या तळाशीं असलेल्या खैराच्या रानाविषयीं एक अक्षरही बोलूं शकलों नसतों.